गाळून घेतलेला गूळ

आमच्या फाउंड्रीत कामगारांना गूळ मिळायचा, तो मी मिळवून दिला होता. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू पडती आहे, म्हणून निदान सुरुवात तरी माझ्या बाजूनं व्हावी.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरांशी वाद झाला आणि शाळा सोडली. वाद कशावरून झाला ते आता आठवत नाही, पण माझं बरोबर होतं. सत्तर सालाच्या आसपास गावाकडून नाशिकला आलो. सातपूरला तेव्हा कारखाने उभे राहत होते, माणसं हवीच होती. मला फाउंड्रीत साचे भरायचं काम मिळालं. ओली वाळू साच्यात ठोकून बसवायची, मग त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पंपाच्या बॉड्या निघायच्या. माल थंड झाला की शेजारच्या खात्यात जायचा. तिथं त्याला चिकटलेली, भाजून कोरडी झालेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायचे. त्या खात्याला फेटलिंग म्हणत. फेटलिंगमध्ये भरदुपारी दिवे लावावे लागत, इतकी धूळ. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा.

मुंबईच्या कारखान्यांत काम करून आलेले दोन-चार म्हातारे आमच्यात होते. ते सांगायचे, तिकडं धुळीच्या खात्यात रोज गूळ देतात, गूळ घशातली धूळ ओढून पोटात नेतो, छाती साफ राहते. मला पटलं. मॅनेजरकडं गेलो. तो हसला. म्हणाला, "कारखाना आहे का वाण्याचं दुकान?" मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून कंपनीचा चहा कुणी प्यायचा नाही. काम करायचं, पण चहा नाही. चहाची किटली भरलेली यायची आणि भरलेलीच जायची. आठव्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. पंधरवड्यात गुळाची ढेप स्टोअरच्या खिडकीत आली. पाळीच्या सुरुवातीला स्टोअरवाला सुरीनं खडे फोडायचा आणि मी बाजूला उभा राहून वाटायचो. तेव्हापासून मला लोक गूळवाले दादा म्हणायला लागले. नवीन माणूस भरती झाला की जुने त्याला दाखवायचे, "हे गूळवाले दादा. यांच्यामुळं आपली छाती शाबूत आहे." मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दिंडोरीकडून आला तेव्हा मीच त्याला चिकटवला. जागा फेटलिंगमध्येच होती. अंगानं दणकट, एका हातानं पंपाची बॉडी उचलून दुसऱ्या हातानं ग्राइंडर लावायचा. पहिल्या दिवशी त्यानं नाकातोंडाला रुमाल बांधला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "घुंघट कशाला घेतलास रे? तुला बघायला पाहुणे यायचेत का?"

लोक हसले. त्यानं रुमाल सोडून खिशात ठेवला.

"दाजी, धूळ लय हाय."

"मग गूळ खा. त्यासाठीच दिलाय."

तो रोज माझ्यासमोर खडा तोंडात टाकायचा, आणि तो संपेपर्यंत मला दिसेल असा उभा राहायचा. मोठ्यांचं ऐकणारा होता. बाकीचे बहुतेक जण खडा कागदाच्या तुकड्यावर मशीनमागच्या फळीवर ठेवायचे आणि सुटताना घरी न्यायचे. पोरांना गूळ-शेंगदाणे, सणाला पोळी. कुणी काही बोलायचं नाही, आणि मीही नाही. पाळी सुटली की हवेचा पाइप अंगावर मारून घ्यायचे. कपड्यांतली धूळ भस्सकन उडायची, माणूस पुन्हा माणसासारखा दिसायचा. ती उडालेली धूळ कुठं जाते, असा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली असतील.

बुद्धपौर्णिमेला सकाळी पांडवलेण्यावर जायची आमच्या वसाहतीची रीत. बायका पांढऱ्या साड्या नेसून, मुलं पुढं पळत. मेहुणा दरवर्षी पोरीला खांद्यावर बसवून एका दमात वर जायचा आणि वरून आम्हाला हाका मारायचा. त्या वर्षी पोरगी चालत होती आणि हा निम्म्या पायऱ्यांवर बसला.

"काय रे?"

"तुम्ही व्हा पुढं, दाजी. बिडी ओढून येतो."

मी पुढं गेलो. वर पोचल्यावर आठवलं की तो बिडी ओढत नाही.

खोकला तर त्याला होताच, पण फेटलिंगमध्ये खोकला सगळ्यांनाच असायचा. ती तिथली भाषाच होती. पण याचं वजन उतरलं. एका डॉक्टरनं क्षय म्हणून इंजेक्शनं सुरू केली. त्यानं न चुकता घेतली. थुंकी तपासली त्यात काही निघालं नाही, तरी इंजेक्शनं चालू होती आणि दम तसाच होता. वसाहतीत त्याच्या घरचा पेला लोक बाजूला ठेवायला लागले. त्याची बायको नळावर सगळ्यांत शेवटी जायला लागली.

त्याच सुमाराला कंपनीनं आठवड्यातून दोनदा एक डॉक्टरीणबाई बोलवायला सुरुवात केली. वयानं लहान, सुती साडी, आवाज हळू. तिनं मेहुण्याचा एक्सरे उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "काम काय करता?" इतक्या दिवसांत हे त्याला कुठल्या डॉक्टरनं विचारलं नव्हतं. त्यानं सांगितल्यावर ती स्वतः फेटलिंग खात्यात आली, दारात उभी राहिली, पदर नाकाला लावला आणि परत गेली. मग मला बोलावलं, कारण सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की दादांना विचारा.

ती म्हणाली, "हा क्षय नाही. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली आहे. बसलेली निघत नाही, त्यावर औषध नाही. पण नवीन बसू देऊ नये. यांना आजच्या आज त्या खात्यातून काढा. बाकीच्यांना तोंडावर जाळीच्या पट्ट्या मागवल्या आहेत. खातं पाणी मारून झाडायचं. आणि तो हवेचा पाइप बंद करा, तो सगळ्यात वाईट."

"आमच्याकडं गूळ आहे," मी म्हणालो.

"गूळ पोटात जातो, दादा. श्वास पोटात जात नाही."

"मी इतकी वर्षं गूळ खातोय. मला काय झालं?"

"तुम्ही कुठल्या खात्यात?"

"साच्याच्या."

"तिथली वाळू कशी असते?"

"ओली," मी म्हणालो.

तिनं एक्सरे पाकिटात घातला. पुढं काही बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी उठून आलो.

त्याच आठवड्यात जाळीच्या पट्ट्या आल्या, आणि कुणीतरी बातमी आणली की पट्ट्या आल्या म्हणजे आता गूळ बंद. खरं होतं की नव्हतं कुणास ठाऊक. मी गेटवर सगळ्यांना गोळा केलं. म्हणालो, पट्टी घेतली की गूळ गेला. आपण चहा सोडून गूळ मिळवलाय. लोकांना ते पटलं, कारण पट्टीत घाम यायचा, श्वास कोंडायचा आणि गूळ गोड होता. पट्ट्या खुंटीला लटकल्या. एकानं त्यात बिड्या ठेवल्या, एकानं घरी नेऊन पोपटाच्या पिंजऱ्याला बांधली.

मेहुण्याला स्टोअरमध्ये हलकं काम देऊ केलं होतं. तो मला विचारायला घरी आला. बायको चूल पुसत होती.

"दाजी, स्टोअरला जाऊ का?"

मी म्हणालो, "तू गेलास तर ती बाई म्हणेल, बघा, गुळानं काही झालं नाही. दिवाळीपर्यंत थांब. गुळाचं पक्कं झालं की जा."

"बरं," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन चौकट धरून थांबला, दम घेतला, मग गेला. बायकोनं चूल पुसायचं थांबवलं होतं.

हे मी साधं लिहितो आहे, कारण ते तसंच साधं घडलं. माणसाला धुळीत ठेवायचं मी एका वाक्यात ठरवलं. त्या वेळी मला ते काही मोठं वाटलं नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. तो रोज फेटलिंगमध्ये उभा राहायचा, रोज खडा खायचा. फक्त आता खडा तोंडात ठेवून नाकानं श्वास पुरायचा नाही, म्हणून अर्धा खाऊन अर्धा हातात धरायचा. माझ्याकडं पाहून मान हलवायचा, खातोय म्हणून.

दिवाळीच्या आधी एका रविवारी बायको शेवयांसाठी गुळवणी करत होती. मी ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, जरा आत या."

पातेल्यात माझाच गूळ पाण्यात विरघळवला होता. तिनं वरचं पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून दुसऱ्या पातेल्यात हळूहळू ओतलं. शेवटचं उरलं ते मला दाखवलं. तळाशी बोटाच्या पेराएवढा काळा गाळ होता. तिनं तो चिमटीत धरून माझ्या तळहातावर चोळला. किचकिच लागला. ती आमचीच वाळू. मी ती जन्मभर हाताळली आहे, डोळे मिटूनही ओळखेन.

"हा तुमच्या गुळावर एका दिवसात बसतो," ती म्हणाली. "फळीवर ठेवता तेवढ्यात."

"मग?"

"मग काही नाही. पहिल्या वर्षीच पोरांच्या दाताखाली आला होता. तेव्हापासून मी गाळून घेते. तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हाला गुळाचं लय कौतुक." तिनं फडकं पिळलं. "डॉक्टरीणबाईला सांगितलंत म्हणं, मी इतकी वर्षं गूळ खातोय. तुम्ही खाल्ला कुठं? तुम्ही घरी आणला. खाल्ला तो माझ्या भावानं. आणि तोही न गाळता."

मी म्हणालो, "तुला काय कळतं कारखान्यातलं?"

"मला गाळायचं कळतं," ती म्हणाली आणि ते फडकं माझ्या खांद्यावर टाकून शेवया करायला बसली.

जेवलो नाही. रागात होतो, आणि राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. संध्याकाळी मेहुण्याकडं गेलो. तो पाय लांब करून भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की दम लागतो म्हणून हल्ली बसूनच झोपायचा, हे मला त्याच्या बायकोनं त्या दिवशी सांगितलं.

"उद्यापासून स्टोअरला जा," मी म्हणालो.

"दिवाळी व्हायचीय ना अजून?"

"जा म्हणतोय ना."

"तुम्ही सांगताय का ती बाई सांगतीय?"

"मी सांगतोय."

"मग जातो," तो म्हणाला. त्यानं एवढंही विचारलं नाही, की आधी का नाही सांगितलंत.

कारखान्यात मी चुकलो असं मी कुणाला म्हणालो नाही. ते मला जमण्यासारखं नव्हतं. सोमवारी खुंटीवरची एक पट्टी काढली, झटकली, तोंडाला बांधली आणि गुळाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. एक जण ओरडला, "दादांना बघायला पाहुणे आलेत रे!" दुसरा म्हणाला, "मुलगी जरा वयस्क आहे, पण घर चांगलं आहे." खूप हसले. हसू संपेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "तोंडाला पट्टी नाही त्याला गूळ नाही."

"ही कुठली दादागिरी?"

"गूळ कुणी आणला?"

गूळ सगळ्यांना हवा होता, घरी न्यायला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पट्टी खिडकीपुरती बांधली आणि लगेच सोडली. मग मी साच्याच्या खात्यातून मधेमधे उठून फेटलिंगमध्ये चक्कर मारायला लागलो. ज्याची पट्टी गळ्यात दिसेल त्याचा दुसऱ्या दिवशीचा खडा बंद. खूप शिव्या खाल्ल्या. हवेच्या पाइपचं तोंड मॅनेजरला सांगून काढायला लावलं, झाडण्याआधी पाणी मारायला लावलं. डॉक्टरीणबाई एकदा बघून गेली. मला म्हणाली, "गूळ कामाला आला की." मी मान फिरवली. हसू येत होतं, ते तिला दाखवायचं नव्हतं.

मला वाटलं, झालं आता. पण मेहुण्याची धूळ सुटली आणि त्याबरोबर त्याचं बोलणंही सुटलं. स्टोअरमध्ये तो गुळाचे खडे फोडायचा, ज्यानं एका हातानं पंप उचलले तो. घरी आला की भिंतीकडं तोंड करून बसायचा. दाढी वाढवली. भाकरी समोर गार व्हायची. पोरगी पाटी दाखवायला आली तर तिच्याकडंही बघायचा नाही. शेजारी म्हणायचे, हलक्या कामाची गोडी लागली, आळसावलाय. मीही एकदा म्हणालो, "दम छातीत आहे, तोंडाला काय झालंय?"

शेवटी मीच डॉक्टरीणबाईकडं गेलो. पट्टी बांधूनच गेलो, तिला उगीच बोलायला जागा नको. तिनं विचारलं, झोपतो का, जेवतो का, आंघोळ करतो का. मग म्हणाली, "मरावंसं वाटतं असं म्हणतो का?"

"असं कुणी म्हणतं का?"

"तुम्ही विचारा त्यांना. सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नवीन काही शिरत नाही. असेल ते बाहेर येतं."

मला ते काही पटलं नव्हतं. पण एकदा न पटलेलं केलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. मेहुण्याला घेऊन कॅनॉलच्या कडेनं चाललो. तो पन्नास पावलांवर थांबायचा. तिसऱ्या थांब्याला विचारलं, "मरावंसं वाटतं का रे तुला?"

तो पाण्याकडं बघत राहिला. कॅनॉल भरून वाहत होता, त्यात गवताच्या काड्या चालल्या होत्या. मग म्हणाला, "रोज नाय वाटत."

मी त्याचं मनगट धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. माणसं बघत होती, दोन बाप्ये हात धरून चाललेत.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. आमच्यात तेव्हा त्याला वेड्याचा डॉक्टर म्हणत, म्हणून माझ्या बायकोनं वसाहतीत सांगितलं की ताकदीच्या गोळ्या चालू केल्यात. गोळ्या लगेच लागू पडत नाहीत, तीन-चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी आपल्या मनानं सोडायच्या नाहीत, असं त्यानं बजावलं. तोवर आम्ही त्याला एकटं ठेवलं नाही. सकाळी त्याची बायको, दुपारी स्टोअरवाला, संध्याकाळी मी. मी काही समजावून सांगायचो नाही, मला ते येत नाही. नुसता बरोबर चालायचो. डॉक्टरीणबाईनं त्याला दम सोडायची एक रीत शिकवली होती. नाकानं घ्यायचा आणि बशीतला गरम चहा फुंकतो तसा ओठ मुडपून हळूहळू सोडायचा. ती रीत मीही त्याच्याबरोबर करायचो, म्हणजे तो एकटा विचित्र दिसायचा नाही. कॅनॉलवरून जाणारे म्हणत असतील, या दोघांचा चहा कधी गार होतो कुणास ठाऊक.

महिनाभरानं त्यानं दाढी केली. आणखी काही दिवसांनी पोरीच्या पाटीवरची चूक दाखवली. तिची चूक नव्हती, यालाच येत नव्हतं, पण बोलला तरी. दम काही गेला नाही. जाणार नव्हताच. फक्त जिथं होता तिथं थांबला, वाढला नाही. फेटलिंगमध्ये त्याच्या बरोबरीनं लागलेल्या आणखी दोघांचे एक्सरे तसेच निघाले. त्यांना वेळेवर हलवलं. माझ्या मेहुण्याला दिवाळीच्या आधी जितका काळ थांबवलं तितकी धूळ त्याच्यात जास्त आहे, हा हिशेब मात्र मिटत नाही. डॉक्टरीणबाईला मी विचारलं होतं, तेवढ्यानं किती फरक पडला असेल. ती म्हणाली सांगता येत नाही. तिनं खोटं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला तो पांडवलेण्यावर यायचं म्हणाला. बायको नको म्हणत होती. मी म्हणालो, मी आहे. सगळ्यांच्या आधी निघालो आणि सगळे आमच्या पुढं गेले. दहा पायऱ्या, मग थांबून चहा फुंकायचा. पुन्हा दहा पायऱ्या. त्याची पोरगी केव्हाच वर पोचली होती, तिथून हाका मारत होती. निम्म्या पायऱ्यांवर, मागच्या खेपेला बसला होता तिथंच, यंदा माझे गुडघे बोलले. मी बसलो.

"काय दाजी, बिडी ओढताय का?"

मी त्याच्याकडं पाहिलं. तो हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता.

मी म्हणालो, "पहिल्या दिवशी तू रुमाल बांधून आला होतास."

"व्हय."

"तो बरोबर होता."

त्यानं नाकानं श्वास घेतला, ओठ मुडपले आणि हळूहळू सोडला. पुरा सोडून झाल्यावर म्हणाला, "ते मला तवाच ठावं होतं, दाजी. पण तुम्ही सांगितलंत ना गूळ खा." मग उठला, मला हात दिला. "चला. पोरगी वाट बघतीय."